पुस्तकाची बदली

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त हवा, निदान त्याचे केस तरी पिकलेले हवेत, असा एक अलिखित नियम दिसतो. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. हे काम करायला लागून सहा वर्षं झाली आणि ते सोडायचा माझा अजिबात विचार नाही. तरीही लिहिते आहे, कारण या कामाबद्दल लोक जे बोलतात त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि चुकीचं ऐकून गप्प बसायची आमच्या घरात पद्धत नाही.

आमचं घर कोलकात्यात, भवानीपूरला. आजोबा नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. बाबा बँकेत कारकून आणि युनियनचे पत्रकवाले. मागण्यांचं पत्रक लिहायचं ते बाबांनी, छापून आणायचं ते बाबांनी आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभं राहून वाटायचंही त्यांनीच. त्यांचे पुण्याचे मित्र मराठी पुस्तिका पाठवायचे. अंधश्रद्धा, धरणग्रस्त, स्त्रियांचे हक्क असे विषय. मी मराठी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. त्यामुळे माझं मराठी ‘बंधू-भगिनींनो’पासून सुरू होऊन ‘झालंच पाहिजे’वर थांबतं. बाहेर सगळा व्यवहार बंगालीत आणि हिंदीत, तेव्हा मला कोणी हसत नव्हतं. हसायला लागल्या त्या बराकपूरच्या बायका.

बराकपूरच्या छावणीत महाराष्ट्रातल्या जवानांची बरीच कुटुंबं राहतात. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडची. नवरा सीमेवर किंवा ड्युटीवर, बायको क्वार्टरमध्ये, मुलं इंग्रजी शाळेत. मुलांच्या वहीत बाईंनी काय शेरा लिहिलाय तो आईला वाचता येत नाही. या बायकांना इंग्रजी शिकवायला मी आठवड्यातून तीन दुपारी सियालदहहून गाडी पकडून जाते. वर्ग भरतो कल्याण केंद्राच्या एका खोलीत. खोलीत एक पंखा, दोन सतरंज्या आणि एक लोखंडी कपाट.

ते कपाट म्हणजे माझी शिकवण्याची पद्धत. तिला विपुल वाचन म्हणतात. माणूस परकी भाषा शिकतो तो ती भरपूर वाचून, आणि भरपूर वाचतो तो सोपं आणि आवडेल तेच मिळालं तर. म्हणून पातळ पातळ पुस्तकं ठेवायची, अवघडपणाच्या क्रमानं लावलेली. शिकणाऱ्यानं आपलं पुस्तक आपण निवडायचं. मधलं कुठलंही एक पान उघडायचं, शितावरून भाताची परीक्षा. त्या पानावर तीनपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आज आपलं नाही. शब्दकोश बंद. अडलेला शब्द ओलांडून पुढे जायचं, तो दहा वेळा भेटला की आपणच ओळख देतो. कंटाळा आला तर पुस्तक सोडायचं. परीक्षा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. आणि शिक्षकानंही तिथेच बसून वाचायचं.

हे सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. ‘मग तुम्ही शिकवता काय?’ आणि ‘बोलायचं कधी?’ आपल्याकडे इंग्रजी म्हणजे ‘गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू’ ही पाठ केलेली पोपटपंची. चौकाचौकांत त्याचे वर्ग आहेत, भिंतीभिंतींवर जाहिराती आहेत. मालकाला सलाम ठोकण्यापुरती भाषा द्यायची आणि विचार करण्यापुरती कुलपात ठेवायची, हा त्यांचा धंदा. पुस्तक वाचणारा माणूस मात्र कोणाचीच वाट बघत नाही. मला माझ्या बायका अशा हव्या होत्या.

आता माझी चूक सांगते.

पहिल्या वर्गाला मी एक पत्रक छापून नेलं. मथळा होता, ‘शब्दकोश बंद करा!’ खाली नऊ कलमं. ते कोणीच वाचलं नाही. कोल्हापूरच्या वंदना पाटील वर्गात सगळ्यांत बोलक्या. त्यांनी त्याची घडी करून डुगडुगत्या पंख्याच्या स्टँडखाली सारली आणि म्हणाल्या, “बाई, आता बगा, पंखा गप बसला.”

कपाटातली पुस्तकंही मीच निवडली होती. सोपीच होती, पण विचारांची. मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायका, नदी वाचवणारं गाव, गिरणीतल्या कामगार स्त्रियांचा संप. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात दोन दिवस हिंडून गोळा केलेली. चोर, भूत आणि प्रेम या तीन गोष्टींना मी कपाटात येऊ दिलं नव्हतं. स्वतः निवडा, असं सांगायचं आणि निवडायला सगळं आपल्याच मताचं ठेवायचं. यातला अन्याय मला तेव्हा दिसला नाही.

बायकांनी पुस्तकं घेतली आणि दुसऱ्या वर्गाला त्यांना कोरी कापडी वेष्टणं घालून आणली. वंदनाताईंच्या पुस्तकाला हळदकुंकू लावलेलं होतं. सगळ्या मांडी घालून बसल्या, पदर सावरला, पुस्तकाला नमस्कार केला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचू लागल्या. तेरा जणी, तेरा पुस्तकं, एकाच वेळी. महिना श्रावणाचा. घरोघरी पोथीचं पारायण चालू होतं, तेच त्यांनी इथे आणलं होतं. अर्थ लागो न लागो, एकही अक्षर गाळायचं नाही, मधे उठायचं नाही आणि सुरू केलेलं अर्धवट सोडायचं नाही.

मी पुण्याच्या पुस्तिकांवर वाढलेली. माझं डोकं फिरलं.

“हे पारायण नाही!” मी ओरडले. “ही पोथी नाही. पुण्य मिळवायला वाचायचं नाहीये.”

“मग कशाला वाचायचं?” वंदनाताईंनी विचारलं.

“आनंदासाठी!”

सगळ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर आनंदाचा मागमूस नसणार. वंदनाताई हळूच शेजारणीला म्हणाल्या, “बाई लई रागानं आनंद द्यायला लागल्यात.”

त्या वर्गात साताऱ्याकडच्या संगीता जाधव होत्या. वय चौतीस. त्या हसल्या नाहीत, कारण त्यांना घाई होती. पहिल्याच दिवशी त्यांनी पर्समधून एक कागद काढून मला दाखवला होता. स्टेशनजवळच्या एका खासगी बालशाळेत सहायक शिक्षिका हवी होती. मुलाखत दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर. तिथे मुलांना इंग्रजीतून गोष्ट वाचून दाखवायची.

“माझं डी.एड. झालंय बाई,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधी. सर्टिफिकेट लॅमिनेट करून ट्रंकेत ठेवलंय. अकरा वर्षं झाली. चार बदल्या झाल्या. प्रत्येक छावणीत शाळा इंग्रजी, आणि मला ‘मे आय कम इन’च्या पुढं येत नाही. ह्या वेळी झालं तर झालं. नाहीतर मी ते सर्टिफिकेट भिंतीला लावून टाकते, गेलेल्या माणसाचा फोटो लावतो तसं. हार घालून.”

मी म्हटलं, “होईल. झालंच पाहिजे.” माझी सवय.

तीन आठवडे गेले. दोघी यायच्या थांबल्या. त्यांतल्या एका सांगलीच्या मुलीच्या नवऱ्याची बदली झाली, ती माझं पुस्तक सातव्या पानावर परत देऊन गेली. “मला न्हाई जमत इंग्लिश,” एवढंच म्हणाली. तिला मी भाषा देण्याऐवजी भीती बांधून दिली. त्याचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

मग संगीताताई आल्या नाहीत. एक वर्ग, दोन वर्ग, तीन वर्ग. चौथ्या वर्गाच्या दिवशी वंदनाताईंना घेऊन मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. संगीताताई जमिनीवर बसल्या होत्या. समोर संपाचं पुस्तक, मीच आग्रहानं हातात दिलेलं. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी अर्थ. शेजारी शब्दांची भरलेली वही. पुस्तक अकराव्या पानावर होतं.

“हे सोडून द्या,” मी म्हटलं. “दुसरं घ्या.”

“अर्धवट?”

“अर्धवट! कोणी शाप देणार नाही. ही सगळी अंधश्रद्धा आहे, ताई.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“शापाला कोण भितंय? बाई, मी अकरा वर्षं सगळं अर्धवटच सोडतेय. जोधपूरला शिवणाचा क्लास लावला, बदली आली. झाशीला अंगणवाडीत मदतीला जायचे, बदली आली. मुलींना दर वेळी नवी शाळा. एक गोष्ट धरून शेवटापर्यंत नेली असं माझ्याकडं काही न्हाई. निदान एक पुस्तक तरी पुरं करू द्या की मला.”

माझ्याकडे नऊ कलमं होती. त्यांतलं एक ‘कंटाळा आला तर पुस्तक सोडा’ हेच होतं. मी ज्याला अंधश्रद्धा समजून भांडत होते तो एका बाईचा स्वाभिमान होता, आणि माझ्याच पुस्तकानं तो अकराव्या पानावर अडकवून ठेवला होता.

उत्तर वंदनाताईंनी दिलं. त्या दारातच उभ्या होत्या.

“अगं, सोडू नगंस. बदली कर.”

“कुणाची?”

“पुस्तकाची. आपली बदली झाली म्हंजी आपण नोकरी सोडली व्हय? मान्सं तीच, नोकरी तीच, जागा बदलली. ह्याची हितनं बदली झाली म्हणायचं. पुन्हा कुटं भेटलं तर भेटलं. रीतसर मूव्हमेंट ऑर्डर काढ त्याची.”

संगीताताई इतक्या हसल्या की शेजारच्या क्वार्टरमधली बाई काय झालं म्हणून बघायला आली.

पुढच्या वर्गाला पुठ्ठ्याचं एक खोकं आलं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बदली’. नियम बायकांनीच ठरवला. पुस्तक सोडायचं तर आत चिठ्ठी ठेवायची, कितव्या पानावरून सोडलं आणि का. मग नमस्कार करून खोक्यात. पहिली ऑर्डर निघाली ती माझ्या संपाच्या पुस्तकाची. संगीताताईंची चिठ्ठी अशी होती: ‘पान ११. पुस्तक चांगलं आहे पण बोलतंय फार.’

वंदनाताईंनी ती सगळ्यांना वाचून दाखवली, माझ्याकडे बघत. मला लागलं. पण पत्रकवाल्याला लोकांचा शेरा ऐकावाच लागतो. पुढच्या रविवारी मी पुन्हा कॉलेज स्ट्रीटला गेले आणि पिशवीभर चोर, भुतं आणि प्रेमं घेऊन आले.

आठवड्याभरात निम्मं कपाट खोक्यात गेलं आणि वर्ग पळायला लागला. हॉटेलातल्या हाराच्या चोरीवर एक पातळ पुस्तक होतं, ते पाच जणींनी पाठोपाठ वाचलं. चोर कोण ते आधी सांगितलं म्हणून दोघींचं भांडण झालं. माझ्या वर्गात त्याआधी इंग्रजी पुस्तकावरून कोणी भांडलं नव्हतं. मला पेढे वाटावेसे वाटले.

पूजा जवळ आली. मी सुट्टी जाहीर केली तर वंदनाताई उभ्या राहिल्या.

“सुट्टी नगं. आमी सप्ता बसवणार.”

“सप्ताह?”

“सात दिवस. रोज दुपारी तीन ते पाच. संगीताची परीक्षा हाय न्हवं दिवाळीच्या आधी? एकटीनं वाचून व्हायचं न्हाई तिच्यानं. सगळ्यांनी बसायचं. मुलं पाळीपाळीनं एकीनं ग्राउंडवर सांभाळायची. शेवटच्या दिवशी शिरा.”

मी घरी येऊन जेवताना बाबांपुढे तक्रार मांडली. आपण जन्मभर ज्याच्याविरुद्ध पत्रकं वाटली तेच माझ्या वर्गात शिरतंय. बाबा शांतपणे भात कालवत होते.

“आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभं राहून पत्रक वाचायचो,” ते म्हणाले. “ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सगळे मिळून. एकट्यानं घरी नेलेलं पत्रक कोणी वाचत नाही, त्यात भजी बांधतात. तुझ्या बायकांना हे तुझ्याआधी कळलंय. रांगोळीला घाबरू नकोस.”

मी एकच अट घातली: मोठ्यानं वाचायचं नाही. “मौन पारायण,” वंदनाताई म्हणाल्या आणि मान्य केलं. त्यांनीही एक अट घातली: बाईंनीही बसून वाचायचं. पहिल्याच दिवशी माझा हात फोनकडे गेला तर समोरून आवाज आला, “बाई, पारायणात मोबाईल?” मी तो पर्समध्ये टाकला.

ते सात दिवस मी विसरणार नाही. दाराशी रांगोळी, बाहेर मंडपातल्या ढाक-ढोलांचा गजर, आत अकरा बायका गप्प. पुस्तक संपलं की उठायचं, कपाटातून दुसरं घ्यायचं, नाही जमलं तर खोक्यात टाकून तिसरं. पहिल्या दिवशी ओठ हलत होते. तिसऱ्या दिवशी ते थांबले. चौथ्या दिवशी संगीताताई अचानक हसल्या. एकट्याच. समोर पान इंग्रजी, कोणी अर्थ सांगितलेला नाही, कोणी विनोद समजावलेला नाही. त्यांनी वर पाहिलं, सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्या संकोचल्या.

“कुत्रा,” त्या म्हणाल्या. “ह्यातला कुत्रा चोराच्याच मागं शेपूट हलवत चाललाय.”

माझ्या कामात निकाल लागतो तो असा. गुणपत्रिका नाही, टाळ्या नाहीत. माणूस परक्या भाषेच्या पानावर एकटाच हसतो, तेव्हा ती भाषा त्याची झालेली असते. सप्ताह संपेपर्यंत संगीताताईंनी चौदा पातळ पुस्तकं वाचली होती आणि शिरा खाताना त्यांनी मला विचारलं, “हार चोरणाऱ्या बाईचा पुढचा भाग मिळतो का हो?”

मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसले. खिडकी उघडी होती. मुख्याध्यापिका साठीच्या, बंगाली, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. चार उमेदवार आधी होऊन गेल्या होत्या. प्रत्येकीला तेच जाडसर पुस्तक, खरं बोलण्याचं महत्त्व सांगणारं, आणि समोर वीसेक चिमुरडी.

संगीताताईंनी वाचायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता, अडखळत नव्हत्या. मी मुठी आवळून बसले होते. दुसऱ्या पानावर एका मुलानं शेजाऱ्याचा बूट काढला. तिसऱ्या पानावर दोन मुली एकमेकींच्या वेण्या सोडवू लागल्या. मागच्या रांगेतलं एक पोर आडवं झालं.

आणि संगीताताई थांबल्या. त्यांनी पुस्तक मिटलं.

मी मनात ओरडत होते, वाचा, पुढे वाचा, आता तरी अर्धवट सोडू नका! अकरा वर्षांची ती ट्रंक माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्या उठल्या, भिंतीकडच्या फळीवरची पुस्तकं एकेक उघडून पाहिली, प्रत्येकाचं मधलं एकच पान. एक पातळ चित्रांचं पुस्तक निवडलं, मुलांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि वाचू लागल्या. ते एका बदकाबद्दल होतं. दुसऱ्या पानाला आडवं पोर उठून बसलं. चौथ्या पानाला सगळी पोरं बदकाच्या आवाजात ओरडत होती. शेवटच्या पानानंतर एक मुलगी म्हणाली, “अगेन!”

मुख्याध्यापिकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“मी दिलेलं पुस्तक तुम्ही का सोडलंत?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. आवाज थंड होता.

संगीताताई उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, बुक इज गुड. चिल्ड्रन आर गुड. टुगेदर, नॉट गुड.”

“अँड सो?”

“सो आय गेव्ह इट ट्रान्सफर.”

मुख्याध्यापिकांनी ते जाडं पुस्तक उचललं, चाळलं. “हे मी निवडलं होतं,” त्या म्हणाल्या. मला त्या बाईंबद्दल एकदम जवळीक वाटली. “आधीच्या चौघींनी हे शेवटपर्यंत वाचलं. एकीनंही मुलांकडे बघितलं नाही.” मग त्यांनी पुस्तक फळीच्या अगदी वरच्या खणात ठेवलं आणि हात झटकले. “सोमवारपासून या.”

स्टेशनच्या फाटकाशी आल्यावर संगीताताईंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. वर्गात बातमी कळली तेव्हा वंदनाताई म्हणाल्या, “बगा, आमच्या खोक्यानं नोकरी लावली.” खरं होतं ते. माझ्या नऊ कलमांनी नाही.

संगीताताईंनी त्या शाळेत दीड वर्षं शिकवलं. मग यायची ती ऑर्डर आली, जालंधरची. या वेळी ट्रंकेत डी.एड.च्या सर्टिफिकेटशेजारी शाळेचं अनुभवपत्र होतं, इंग्रजीत, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांना वाचता येत होतं. जायच्या आदल्या दुपारी त्या वर्गात निरोप घ्यायला आल्या. कापडी वेष्टणातलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं. “हे खोक्यातनं नेलं होतं. सांगितलं नव्हतं तुम्हाला. नव्या शाळेत फळी लावणार हाय मी. पण हे तुमचं तुम्हाला.”

त्या गेल्यावर मी वेष्टण सोडवलं. गिरणीतल्या बायकांच्या संपाचं पुस्तक. ओळींवरचे मराठी अर्थ अकराव्या पानावर थांबले होते. त्यापुढच्या पानांवर पेन्सिलीची एक रेघ नव्हती, पण कोपरे वाचून वाचून मऊ झाले होते. शेवटी ती जुनी चिठ्ठी. ‘पान ११. पुस्तक चांगलं आहे पण बोलतंय फार.’ त्याखाली निळ्या शाईत, त्याच अक्षरात, आता इंग्रजीत दोन ओळी. मी त्या इथे मराठीत देते.

‘शेवटपर्यंत वाचलं. बोलतं फार, पण आपल्या बाजूनं बोलतं.’